‘हेवी’ एक, डिक्शनऱ्या पाच

इंग्रजी डिक्शनरी कशी आहे हे बघायचं असेल तर तिच्यात अवघड शब्द शोधू नका. अवघड शब्दाला बहुतेक वेळा एकच अर्थ असतो आणि तो कुठल्याही डिक्शनरीत बरोबर सापडतो. कस लागतो तो शाळेत पहिल्या दोन-तीन वर्षांत शिकलेल्या शब्दांवर. म्हणून इथे ‘हेवी’ हे एकच विशेषण घेऊन ते पाच ठिकाणी शोधलं आहे: दुकानात मिळणारा खिशातला इंग्रजी-मराठी कोश, आणि ऑक्सफर्ड, लाँगमन, कॉबिल्ड, केंब्रिज या चार लर्नर्स डिक्शनऱ्या, म्हणजे इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी केलेल्या. चारही इंटरनेटवर फुकट बघता येतात. दोन साधनं डिक्शनरीच्या बाहेरची आहेत, त्यांचंही पुढे येईल.

‘हेवी’च का? कारण हा शब्द आपल्याला येतो असं आपण धरून चाललेलो असतो. मराठीत तो घरचाच झाला आहे. जेवण हेवी होतं, साडीवर हेवी वर्क असतं, ट्रक चालवणाऱ्याकडे हेवी लायसन असतं, मुंबईत हेवी डिपॉझिटवर फ्लॅट मिळतो. यातलं काही इंग्रजीत जसंच्या तसं चालतं, काही चालत नाही. कुठलं चालतं आणि कुठलं नाही, हे डिक्शनरीने सांगावं एवढीच अपेक्षा.

परीक्षेला सात वाक्यं धरली. काल मुसळधार पाऊस झाला. सोसाट्याचा वारा सुटला होता. पोराला सणसणून ताप आहे. चहा कडक कर. स्टेशनवर तुफान गर्दी होती. तो दिवसाला दोन पाकिटं सिगारेटी ओढतो. या बॅगेचं वजन किती? यांतल्या तीनच ठिकाणी ‘हेवी’ बसतो: ‘हेवी रेन’, ‘हेवी स्मोकर’ आणि, पटकन सुचणार नाही पण, वजन विचारणारा प्रश्न, ‘हाऊ हेवी इज दिस बॅग?’ वारा ‘स्ट्राँग’ असतो, चहाही ‘स्ट्राँग’, ताप ‘हाय’ आणि गर्दी ‘ह्यूज’ किंवा ‘लार्ज’. मराठीतून विचार करणारा माणूस वारा, ताप आणि गर्दी या तिन्हींना ‘हेवी’ लावून मोकळा होतो. डिक्शनरी त्याला अडवते की सोडून देते, हे आम्ही पाहिलं.

खिशातला इंग्रजी-मराठी कोश सोडून देतो. ‘हेवी’समोर ‘जड, वजनदार, भारी, मोठा, तीव्र, जोराचा’ अशी स्वल्पविरामांनी बांधलेली माळ असते आणि तिथेच नोंद संपते. वाचताना हे पुरतं. ‘हेवी लॉसेस’ वाचलं, माळेतला ‘मोठा’ उचलला, ‘मोठं नुकसान’ असा अर्थ लागला, काम झालं. घोळ होतो तो उलट दिशेने, मराठीतून इंग्रजी लिहिताना. माळेत ‘तीव्र’ आणि ‘जोराचा’ आहेत म्हटल्यावर ताप आणि वारा दोन्ही ‘हेवी’ होणारच. कुठल्या नामाबरोबर कुठला प्रतिशब्द, हे सांगणारं एकही वाक्य तिथे नसतं.

‘भारी’चा गोंधळ तर निराळाच. आपण ‘सिनेमा भारी आहे’ म्हणतो ते कौतुकाने. इंग्रजीत ‘द फिल्म वॉज हेवी’ म्हटलं तर ऐकणारा समजतो की सिनेमा गंभीर होता, डोक्यावर ओझं देणारा होता. माळेतला ‘भारी’ कोणता, हे कोश सांगत नाही.

खरं तर अडचण कोशकाराच्या आळसापेक्षा मोठी आहे. इंग्रजीत एक ‘हेवी’ जिथे जिथे जातो तिथे मराठीत दर वेळी वेगळं विशेषण येतं. हेवी रेन मुसळधार, हेवी फाइन जबर दंड, हेवी ड्रिंकर अट्टल दारुडा, हेवी स्लीपर म्हणजे गाढ झोपणारा, हेवी शेड्यूल म्हणजे भरगच्च कार्यक्रम, आणि ‘ट्रीज हेवी विथ फ्रूट’ म्हणजे फळांनी लगडलेली झाडं. ‘विथ अ हेवी हार्ट’ आणि ‘जड अंतःकरणाने’ ही जोडी तंतोतंत जुळते, ‘माय हेड फील्स हेवी’ आणि ‘डोकं जड झालंय’ हीही जुळते, पण अशा जोड्या थोड्या. त्यामुळे प्रतिशब्दांची माळ कितीही लांबवली तरी उपयोग नाही. शेजारी नाम हवंच.

ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीचा जन्मच या गरजेतून झाला. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर तयार केलेला कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. परक्या माणसाला इंग्रजी नुसतं वाचता न येता लिहिताही यावं, हा त्यामागचा हेतू आजही नोंदीत दिसतो. ‘हेवी’चे अर्थ क्रमांक देऊन वेगळे केले आहेत आणि प्रत्येकाखाली छोटी वाक्यं आहेत. सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे चौकटी कंसातल्या व्याकरणाच्या खुणा. ‘हेवी स्मोकर’च्या अर्थाला ‘फक्त नामाच्या आधी’ अशी खूण आहे. ही खूण वाचली नाही तर ‘दॅट स्मोकर इज हेवी’ असं वाक्य होतं आणि त्याचा अर्थ ‘तो सिगारेट ओढणारा माणूस वजनाने जाड आहे’ असा निघतो. हेवी ड्रिंकर, हेवी स्लीपर यांचंही तेच.

‘हेवी ऑन’ हा प्रयोगही ऑक्सफर्डमध्ये स्वतंत्र मिळतो. गाडी पेट्रोल फार खात असेल तर ती ‘हेवी ऑन पेट्रोल’, आणि स्वयंपाकघरात ‘डोंट गो हेवी ऑन द सॉल्ट’ म्हणजे मीठ जपून घाल. मराठीत या दोन वाक्यांत विशेषण येतच नाही, क्रियापद येतं, त्यामुळे मराठी माणसाला हा प्रयोग आपणहून सुचणं कठीण.

ऑक्सफर्डचा त्रास फोनवर जाणवतो. नोंद लांब आहे आणि जास्तीची उदाहरणं व शब्दजोड्यांच्या चौकटी घडी घालून ठेवलेल्या असतात. त्यावर बोट टेकवल्याशिवाय त्या उघडत नाहीत. घाईतला माणूस पहिला अर्थ वाचून परत फिरतो आणि त्याला हवं ते घडीत राहतं. वारा ‘हेवी’ होत नाही, हे मात्र ‘हेवी’च्या नोंदीत थेट कुठेही लिहिलेलं नाही. ते कसं काढायचं, ते लाँगमनमध्ये.

लाँगमन डिक्शनरी ऑफ कंटेंपररी इंग्लिश पहिल्यांदा १९७८ साली आली. व्याख्या सुमारे दोन हजार ठरावीक शब्दांतच लिहायच्या हा तिचा नियम. त्या शब्दांची निवड मायकेल वेस्ट यांच्या १९५३ सालच्या शब्दयादीवर आधारलेली होती. याचा फायदा साधा आहे: ‘हेवी’चा अर्थ शोधताना व्याख्येतला दुसरा शब्द शोधायला पळावं लागत नाही. दहावी मराठी माध्यमातून झालेल्या कुणालाही या व्याख्या सरळ वाचता येतात. अर्थांच्या आधी ठळक अक्षरांत वजन, प्रमाण अशा पाट्या असतात. लांब नोंदीत आपला अर्थ शोधायला त्या फार उपयोगी. काही उदाहरणवाक्यं ऐकताही येतात.

पण लाँगमन पहिल्या नंबरावर येते ती दुसऱ्या कारणाने, आणि ते वापरणाऱ्याने शोधायची सवय बदलली तरच हाती लागतं. शब्दजोड्यांच्या चौकटी मुख्यतः नामांच्या नोंदीत आहेत. म्हणून ‘हेवी’ टाकून बसू नका. वाक्यातलं नाम टाका. ‘रेन’ शोधलं की चौकटीत त्याच्याबरोबर येणारी विशेषणं मिळतात: हेवी, लाइट, टोरेन्शियल. ‘विंड’ शोधलं की तिथे ‘स्ट्राँग’ असतं आणि ‘हेवी’ डोळ्यांना दिसत नाही. ‘ट्रॅफिक’ला ‘हेवी’ सापडतं. ‘फीव्हर’ला ‘हाय’. सात वाक्यांतली पावसाची, वाऱ्याची आणि तापाची वाक्यं अशी नामाच्या दारातून गेलं की एकेका मिनिटात सुटतात. हाच मार्ग ऑक्सफर्डच्या स्वतंत्र कोलोकेशन्स डिक्शनरीनेही धरला आहे. तिची पहिली आवृत्ती २००२ची आणि दुसरी २००९ची. तिच्यात व्याख्या नाहीत, नुसत्या शब्दजोड्या आहेत. भाषांतर किंवा बातम्या लिहिणाऱ्याच्या टेबलावर ती असावी, विद्यार्थ्याला तिची घाई नाही.

या चौकटींतून आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे विरुद्धार्थ. शाळेत ‘हेवी’च्या विरुद्ध ‘लाइट’ असं पाठ करून घेतात. बॅग, पाऊस, ट्रॅफिक, जेवण, झोप इथपर्यंत ते बरोबर. पण ‘हेवी फाइन’च्या उलट ‘स्मॉल फाइन’, ‘हेवी ॲक्सेंट’च्या उलट ‘स्लाइट ॲक्सेंट’. आणि कडक चहा ‘स्ट्राँग’ असल्यामुळे पाणीदार चहा ‘वीक’ होतो. ‘लाइट टी’ म्हटलं तर रंगाने फिका किंवा संध्याकाळचं हलकं खाणं यांपैकी काहीही समजलं जाईल. विरुद्धार्थ नामाला विचारून ठरवायचा, हे लाँगमन पाट्या लावून सांगत नाही, पण दोन नोंदी शेजारी उघडल्या की आपोआप कळतं.

लाँगमनच्या पानाच्या तळाशी कॉर्पसमधली, म्हणजे खऱ्या लिखाणातून उचललेली वाक्यं असतात. ती यंत्राने निवडलेली असल्यामुळे अधूनमधून विचित्र लागतात, संदर्भ तुटलेला असतो. मुलांना तिथपर्यंत नेऊ नये.

कॉलिन्स कॉबिल्ड १९८७ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या हाताखाली तयार झाली. व्याख्या म्हणून अख्खं वाक्य द्यायचं, ही तिची तऱ्हा. एखादी वस्तू हेवी आहे म्हणजे तिचं वजन खूप आहे, अशा धाटणीची व्याख्या वाचतानाच शब्द वाक्यात कुठे बसतो ते कळतं, व्याकरणाची खूण वेगळी वाचावी लागत नाही. बॅगेच्या वाक्यासाठी तर कॉबिल्डच सगळ्यात चांगली. वजन किती हे विचारताना किंवा सांगताना ‘हेवी’ वापरतात, हा अर्थ तिने वेगळा काढून दाखवला आहे. ‘हाऊ हेवी’ विचारताना वस्तू जड आहे असा आरोप नसतो. पिसालाही ‘हाऊ हेवी’ विचारता येतं, जसं तान्ह्या बाळालाही ‘हाऊ ओल्ड’ विचारतात. मराठीत ‘किती जड आहे?’ या प्रश्नात वस्तू जड असल्याचं गृहीत असतं, म्हणून आपली मुलं हा प्रश्न टाळून ‘व्हॉट इज द वेट’वर जातात. तेही चुकीचं नाही, जरा अवघडलेलं वाटतं इतकंच.

कॉबिल्डचा दोष म्हणजे शोधायला लागणारा वेळ. पाट्या नसल्यामुळे अर्थ वरून खाली वाचत जावे लागतात. शिवाय कॉलिन्सच्या साइटवर एकाच शब्दाखाली ब्रिटिश आणि अमेरिकन डिक्शनऱ्यांच्या नोंदीही येतात. नवा माणूस घसरत त्यांच्यात पोचतो आणि आपण अजून कॉबिल्डच वाचतोय असं समजतो. वरची नोंद संपली की थांबायचं.

केंब्रिजबद्दल थोडक्यात. अर्थ स्वच्छ, पाट्या स्पष्ट, उच्चार ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही. तिच्याकडे इंग्रजी-मराठी डिक्शनरीही आहे, आणि मराठी घरांसाठी तीच तिची खरी जमेची बाजू. इंग्रजी व्याख्या अर्थागणिक वेगळी आणि प्रत्येकीला मराठी प्रतिशब्द, त्यामुळे खिशातल्या कोशाची माळ इथे तुटून ज्याच्या त्याच्या जागी जाते. शब्दसंख्या मर्यादित आहे, पण ‘हेवी’सारख्या रोजच्या शब्दांसाठीच तर ती हवी असते. सहावी-सातवीतल्या मुलाच्या हाती आम्ही हीच देऊ, अकरावीपासून पुढे लाँगमन, आणि पत्रं-अहवाल लिहिणाऱ्याला लाँगमनच्या जोडीला ऑक्सफर्ड. छापील प्रत हवी असेल तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा तुमच्या गावच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मागची आवृत्ती बघा. ‘हेवी’सारखे शब्द एका आवृत्तीत बदलत नाहीत.

चहा आणि गर्दी ही दोन वाक्यं अजून उरली. चहा नामाच्या दारातून गेलं तरी मिळतो, पण एक नजर टाकायला स्केल (SkELL) नावाचं इंटरनेटवरचं फुकट साधन जास्त सोपं आहे. लॉगिन लागत नाही. ‘टी’ टाका आणि ‘वर्ड स्केच’ हा टॅब निवडा. त्या नामाला कुठली विशेषणं लागतात याची यादी येते. ‘हेवी’ टाकलात तर उलट, त्याच्यापुढे येणारी नामं रांगेने दिसतात. व्याख्या एकही नसते, त्यामुळे अर्थ माहीत नसताना इथे येऊ नये. सुरुवातीच्या टॅबवर खरी वाक्यं मिळतात, चाळीसपर्यंत. यादीत नाम खूप खाली असलं तर जोडी बरोबर असूनही दुर्मीळ आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरं साधन गूगलचा एनग्रॅम व्ह्यूअर. त्यात ‘हेवी रेन’ आणि ‘स्ट्राँग रेन’ स्वल्पविराम देऊन एका ओळीत टाका. छापील पुस्तकांत कोणती जोडी किती वापरली गेली त्याच्या रेषा दिसतात, आणि ‘स्ट्राँग रेन’ची रेष जमिनीला चिकटलेली असते. ‘हेवी’पुढे जागा सोडून तारा (*) टाकली तर त्याच्यापुढे सर्वांत जास्त येणारे दहा शब्द मिळतात. तारेला जोडूनच अधोरेषा टाकून मोठ्या अक्षरांत ‘नाउन’ लिहिलं (*_NOUN) तर फक्त नामं. ब्रिटिश आणि अमेरिकन पुस्तकं वेगळी निवडता येतात. ‘हेवी क्रीम’ बघायला ते करून पाहा: ते अमेरिकेतलं दाट सायीचं क्रीम, ब्रिटनमध्ये त्याच्या जवळचं ते ‘डबल क्रीम’. केकची पाककृती वाचताना हा फरक महाग पडतो. लहान-मोठ्या लिपीचा फरक एनग्रॅम पाळतो, तेव्हा वाक्याच्या सुरुवातीचं मोठं अक्षर टाकू नका.

‘हेवी’चं क्रियाविशेषण ‘हेविली’ हे मराठी वाचकाला आणखी एक जागा चुकवतं. पाऊस ‘रेन्ड हेविली’ बरोबर. बोलताना कुणी ‘रेनिंग हेवी’ म्हणतं, परीक्षेत ते लिहू नये. ‘हेविली आर्म्ड’, ‘हेविली डिपेंडंट’, ‘हेविली प्रेग्नंट’ (म्हणजे दिवस भरत आलेली) हे सगळं चालतं. ‘हेविली इन्जर्ड’ मात्र टाळावं, तिथे ‘सीरियसली’ किंवा ‘बॅडली’ हवं. हे सोडवायला लाँगमनमध्ये ‘इन्जर्ड’ उघडा, ‘हेविली’ नको. नाम, क्रियापद, भूतकाळवाचक विशेषण, ज्याच्यावर जोर द्यायचा आहे ते शोधायचं.

आता या चारही डिक्शनऱ्या जिथे मुक्या होतात ते. खात्यांचे आणि कायद्यांचे ‘हेवी’ ठरावीक आकड्यांत मोजलेले असतात आणि लर्नर्स डिक्शनरीत ते आकडे नसतात. भारतीय हवामान विभागाचा ‘हेवी रेनफॉल’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, ‘व्हेरी हेवी’ २०४.४ पर्यंत, त्यापुढे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तो या तिसऱ्या रकान्यातला. त्यामुळे हवामानाच्या इशाऱ्याचं भाषांतर करताना ‘हेवी’ला मनाने ‘तुफान’ किंवा ‘प्रचंड’ लावू नये. ‘मुसळधार’ आणि ‘अतिमुसळधार’ यांतला फरक तिथे अक्षरशः मिलिमीटरचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ‘हेवी गुड्स व्हेइकल’ म्हणजे एकूण भारासह १२,००० किलोच्या वरचं मालवाहू वाहन, आणि ‘लाइट मोटर व्हेइकल’ ७,५०० किलोपर्यंत. म्हणजे कायद्यात ‘हेवी’ आणि ‘लाइट’ यांच्या मध्ये ‘मीडियम’ बसलेलं आहे. विमानतळावर कंट्रोलरशी बोलताना वैमानिक विमानाच्या नावापुढे ‘हेवी’ लावतो तेव्हा त्या विमानाचं कमाल उड्डाणवजन १,३६,००० किलो किंवा अधिक असतं.

आणि आपला स्वतःचा, भारतीय इंग्रजीतला ‘हेवी’. ‘हेवी रश’, ‘हेवी क्राउड’ आपल्याकडच्या पाट्यांवर आणि बातम्यांत सर्रास असतात. इथल्या वाचकासाठी लिहीत असाल तर खुशाल ठेवा, सगळ्यांना कळतं. परदेशी क्लायंटला किंवा आयईएल्टीएसच्या निबंधात ‘ह्यूज क्राउड’, ‘व्हेरी क्राउडेड’ लिहा. ‘हेवी डिपॉझिट’ची गोष्ट याहून वेगळी. भाडं न घेता किंवा नाममात्र घेऊन एकरकमी मोठी ठेव घ्यायची आणि घर सोडताना ती परत करायची, हा व्यवहार बाहेरच्या माणसाला या दोन शब्दांतून कळणारच नाही. त्याला वाटेल नेहमीचंच डिपॉझिट, जरा मोठं. करार इंग्रजीत करायचा असेल तर ‘लार्ज रिफंडेबल डिपॉझिट इन लू ऑफ रेंट’ असं पूर्ण लिहा, आणि त्याच ओळीत रक्कम व परत करण्याची मुदत आकड्यांत घाला.